औषधे येण्याआधीच मृत्यू घटले, मग वैद्यकाने केले काय?

आपला प्रश्न मी असा समजले आहे. ब्रिटनमध्ये क्षयावरची औषधे निघण्याच्या कितीतरी आधीपासून क्षयाचे मृत्यू घटत होते, असे आपल्या वाचनात आले. ते खरे असेल तर तिथले मृत्यू कमी झाल्याचे श्रेय आधुनिक वैद्यकाला का द्यायचे, आणि आजही लशी व औषधांवरचा पैसा पाणी, गटारे आणि अन्न यांकडेच का वळवू नये, असे आपण विचारता. मी जिल्हा पातळीवर साथरोग सर्वेक्षणाचे काम सव्वीस वर्षे केले आणि आता सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवते. दर वर्षी वर्गात कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतो आणि तो विचारायलाच हवा. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आपल्या म्हणण्यातले खरे मान्य करते. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८५० च्या सुमारास फुप्फुसाच्या क्षयाने दर दहा लाख लोकांमागे वर्षाला सुमारे २,९०० माणसे मरत. १९०१ मध्ये हा आकडा १,३०० च्या खाली आला होता, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे औषध ब्रिटनमध्ये पोहोचले ते १९४७ च्या आसपास. म्हणजे औषध हाती येण्यापूर्वी निम्म्याहून बरीच मोठी घट होऊन गेली होती. बर्मिंगहॅम विद्यापीठात सामाजिक वैद्यकाचे प्राध्यापक असलेल्या थॉमस मॅककिओन यांनी याच आकड्यांवरून असा निष्कर्ष काढला की मृत्युदर घटण्यात उपचारांचा वाटा अगदी थोडा आणि सुधारलेल्या आहाराचा वाटा सर्वांत मोठा होता. आपण वाचले ते बहुधा याच मांडणीतून आलेले असावे.

अडचण अशी की मृत्युदर हा एकच आकडा असला तरी त्याच्या पोटात अनेक रोग असतात. प्रत्येकाची वाट वेगळी आणि प्रत्येकाची घसरण सुरू होण्याचे साल वेगळे असते. क्षयावरून काढलेला निष्कर्ष कॉलऱ्याला लावला की तो चुकतो आणि बाळंतरोगाला, म्हणजे बाळंतपणानंतर जंतुसंसर्गाने येणाऱ्या तापाला, लावला तर पुरता उलटा पडतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगते की ‘वैद्यक की स्वच्छता’ असे विचारण्याआधी कोणता रोग, कोणते शहर आणि कोणते दशक हे ठरवून घ्या.

केवळ सुबत्तेने भागले असते, तर १८३० ते १८७० या काळात इंग्लंडचा मृत्युदर हजारी २२ च्या आसपास अडकून राहिला नसता. त्या चाळीस वर्षांत कारखाने, रेल्वे आणि व्यापार झपाट्याने वाढत होते, पण शहरे माणसे गिळत होती. एडविन चॅडविक या वकिलाने १८४२ मध्ये श्रमिकांच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल दिला, त्यात मृत्यूसमयीच्या सरासरी वयाचे आकडे आहेत. रटलंड या ग्रामीण परगण्यातल्या मजुरांचे हे वय ३८ होते, मँचेस्टरच्या मजुरांचे १७ आणि लिव्हरपूलच्या मजुरांचे फक्त १५. याचा अर्थ लिव्हरपूलचा मजूर पंधराव्या वर्षी मरे असा नाही. तान्ही मुले इतक्या संख्येने दगावत की सरासरी तिथवर खाली ओढली जाई. मँचेस्टरच्या सुशिक्षित, प्रतिष्ठित कुटुंबांतही हे वय ३८ च होते, म्हणजे शहरातल्या पैसेवाल्याला जितके आयुष्य मिळे तितकेच रटलंडच्या मजुराला मिळत होते. शहरातली खरकटी, मैला आणि पिण्याचे पाणी एकत्र येत होते, आणि त्यावर चांगल्या जेवणाचा उतारा नव्हता.

हे आकडे आले कुठून, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो आणि त्याकडे फार थोडे लोक पाहतात. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. नोंदणी कार्यालयात लवकरच विल्यम फार हे डॉक्टर रुजू झाले आणि त्यांनी मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण बसवून आठवड्या-आठवड्याला, भागवार आकडे छापायला सुरुवात केली. ‘ताप’ किंवा ‘अशक्तपणा’ अशा मोघम नोंदींऐवजी डॉक्टरांनी ठरावीक नावे वापरावीत यासाठी ते वर्षानुवर्षे झटले. ज्याने गावपातळीवर मृत्यूचे दाखले तपासले आहेत, त्याला या कामाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. निम्म्या दाखल्यांवर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिलेले असले की तालुक्यात कशाने माणसे मरतात हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यासाठी पैसाही मागता येत नाही. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने तर ही मोजणी थेट अधिकाराशी जोडली. ज्या गावाचा मृत्युदर हजारी २३ च्या वर असेल, तिथे करदात्यांनी मागणी केली नसली तरी स्थानिक आरोग्य मंडळ नेमता येऊ लागले.

आता कॉलऱ्याकडे येते. कॉलरा घाण पाण्यातून पसरतो असे मानणारे डॉक्टर जॉन स्नो यांनी लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाचा दांडा काढायला लावला आणि साथ थांबली, ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक असते. तिच्यात तथ्य आहे, पण ती सांगितली जाते तशी घडली नाही. साथ ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री भडकली आणि दांडा ८ सप्टेंबरला निघाला. तोवर लोक मोहल्ला सोडून पळाले होते आणि साथ ओसरू लागली होती. दांड्यामुळेच ती थांबली असे म्हणता येणार नाही, हे स्नो यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पंपाच्या विहिरीपासून तीन फुटांच्या आत ४० क्रमांकाच्या घराचा शोषखड्डा होता आणि त्या घरातल्या आजारी तान्ह्या मुलीचे लंगोट धुतलेले पाणी त्यात पडत होते, हा शोध हेन्री व्हाइटहेड या तरुण पाद्र्याने नंतर लावला. त्या मुलीचे वडील आजारी पडले तो दिवस नेमका ८ सप्टेंबरचाच होता, आणि त्यांचा मैलाही त्याच खड्ड्यात जाऊ लागला. दांड्याने पहिली साथ थांबवली नसेल, पण दुसरी टाळली असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

स्नो यांचे खरे मोठे काम त्याच वर्षी थेम्सच्या दक्षिणेला झाले. तिथे साउथवर्क अँड व्हॉक्सॉल आणि लँबेथ या दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीत शेजारी-शेजारी गेलेले होते. घरे तशीच, माणसे तशीच, हवाही तीच. फरक इतकाच की लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये आपले पाणी शहराच्या वर, थेम्स डिटनजवळ उचलायला सुरुवात केली होती, तर दुसरी कंपनी बॅटरसीजवळ, जिथे लंडनची घाण नदीत मिसळून भरती-ओहोटीबरोबर हेलकावत असे, तिथूनच पाणी घेत होती. स्नो घरोघर फिरले. आपल्याकडे पाणी कोणत्या कंपनीचे हे बहुतेक भाडेकरूंना ठाऊकच नव्हते, कारण पाणीपट्टी घरमालक भरत. तेव्हा ते नळाच्या पाण्याचा नमुना घेत आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकत. बॅटरसीच्या पाण्यात दर गॅलनमागे सुमारे ३८ ग्रेन (वजनाचे एक जुने, लहान माप) मीठ होते, ते दह्यासारखे पांढरे फुटे. वरच्या अंगाच्या पाण्यात एक ग्रेनही मीठ नव्हते, त्यामुळे ते जेमतेम गढुळे. अशा रीतीने सात आठवड्यांचे मृत्यू लावले तेव्हा साउथवर्क अँड व्हॉक्सॉलच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू निघाले आणि लँबेथच्या २६,१०७ घरांत ९८. म्हणजे दर दहा हजार घरांमागे ३१५ विरुद्ध ३७.

हे काम वाचताना मला नेहमी एका गावातली पावसाळ्यातली गॅस्ट्रोची साथ आठवते. रुग्णांची संख्या साठच्या वर गेली होती आणि सगळे गाव शाळेमागच्या उकिरड्याच्या दुर्गंधीला दोष देत होते. ग्रामपंचायतीने त्यावर पोतेभर पावडरही टाकली होती. आम्ही लाइन लिस्ट, म्हणजे एकेका रुग्णाची ओळीने यादी केली, प्रत्येक रुग्णाचे घर गावाच्या नकाशावर मांडले, तेव्हा दिसले की उकिरड्याला लागून असलेल्या आळीत एकही रुग्ण नाही आणि सगळे रुग्ण एकाच पाइपलाइनवर आहेत. त्या लाइनवर शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची चाचणी, घेतली तर पाण्याला पिवळा रंग येईना, म्हणजे टाकीत टाकलेले टीसीएल (ब्लीचिंग पावडर) तिथवर पोहोचण्याआधीच संपत होते. लाइन उलट्या दिशेने चालत गेलो तेव्हा दोष कुठे होता ते सापडले. एक व्हॉल्व्ह उघड्या गटारात बुडालेला होता आणि त्याचे पॅकिंग गेलेले होते. पाणीपुरवठा बंद झाला की गटारातले पाणी आत ओढले जाई. दीडशे वर्षांनंतर आम्ही केले ते सर्व स्नो यांनी आखून दिलेल्या रीतीनेच केले. ही रीत वैद्यकाचीच आहे, जरी तिच्यात औषधाचा एक थेंबही नसला तरी.

स्नो यांचे म्हणणे मात्र त्या वेळी बहुतेकांनी स्वीकारले नाही. रोग दुर्गंधीतून पसरतो ही समजूत इतकी पक्की होती की चॅडविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनचे शोषखड्डे धुऊन मैला थेट थेम्समध्ये सोडण्याचा धडाका लावला. वास हटावा म्हणून केलेल्या या कामाने मैला लोकांच्या पिण्याच्या पाण्यातच जाऊन मिसळला. पुढे १८५८ च्या कडक उन्हाळ्यात नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या सभागृहात शिरली, पडदे क्लोराइड ऑफ लाइमच्या (ब्लीचिंग पावडरच्या) द्रावणात भिजवून टांगावे लागले, आणि वर्षानुवर्षे रखडलेला पैसा काही आठवड्यांत मंजूर झाला. जोसेफ बॅझलगेट या अभियंत्याने नदीला समांतर सुमारे ८२ मैलांची मुख्य गटारे बांधून मैला शहराच्या खालच्या बाजूला नेला. कल्पना चुकीची होती, पण या वेळी काम बरोबर झाले. १८६६ मध्ये कॉलरा पुन्हा आला तेव्हा तो मुख्यतः पूर्व लंडनमध्ये भडकला, जिथे नवी गटारे अजून पूर्ण जोडली गेली नव्हती आणि एका कंपनीने उघड्या तलावातले न गाळलेले पाणी नळांत सोडले होते. हे शोधून काढले ते विल्यम फार यांनी, आपल्याच साप्ताहिक आकड्यांवरून. पूर्वी हवेच्या बाजूने असलेला हा माणूस तोवर स्नो यांच्या बाजूला आला होता. स्नो ते पाहायला नव्हते. ते १८५८ मध्येच वारले.

याच संदर्भात मुंबईचा उल्लेख अस्थानी होणार नाही. विहार तलावाचे पाणी तिथे १८६० मध्ये नळाने आले, पण वापरलेले पाणी वाहून नेणारी गटारे बरीच मागे राहिली, आणि शहरात ओल साचत गेली. पाणी आणणे हे अर्धे काम असते, हे आजही आपल्या नळयोजनांत दिसते.

आपण पाहता तशी वैद्यक आणि स्वच्छता यांची दोन वेगळी खाती नव्हती, हे ग्लासगोच्या एका घटनेतून चांगले कळते. कार्लाइल शहरात गटाराच्या मैल्यावर कार्बोलिक ॲसिड टाकतात, त्याने वास जातो आणि त्या मैलापाण्यावर वाढलेले गवत खाणाऱ्या गुरांचे परजीवीही मरतात, असे शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या कानावर आले. सडण्याची क्रिया सूक्ष्मजीवांमुळे होते हे लुई पाश्चर यांचे निष्कर्ष त्यांनी वाचलेले होते. १२ ऑगस्ट १८६५ रोजी गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे आला. हाड मोडून कातडी फाटलेली होती, आणि अशा जखमेत त्या काळी पाय कापणे किंवा रुग्ण गमावणे हेच बहुधा वाट्याला येई. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी लावली, जखम चिघळली नाही आणि सहा आठवड्यांत हाड जुळले. गटार खात्याचा उपाय शस्त्रक्रियागृहात आला तो असा.

आतापर्यंतचे सांगणे एवढेच की पाण्यातून पसरणारे रोग गटारांनी आणि नळांनी हटवले, पण कोणते पाणी वाईट हे दाखवणारे डोळे वैद्यकाचे होते. आता ज्या मृत्यूंना गटारेही पुरली नाहीत आणि अन्नही, त्यांच्याकडे वळते. तिथेच आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

पहिले मृत्यू तान्ह्या मुलांचे. एकूण मृत्युदर १८७० नंतर उतरला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हजार जन्मांमागे सुमारे १५० बाळे पहिला वाढदिवस पाहत नव्हती. विशेषतः उन्हाळ्यात जुलाबाने ती पटापट दगावत. जन्मनोंदणीला सहा आठवड्यांची मुदत होती, त्यामुळे आरोग्य अधिकाऱ्याला बाळ आल्याचे कळेपर्यंत ते अनेकदा गेलेले असे. हडर्सफील्डचे महापौर बेंजामिन ब्रॉडबेंट यांनी १९०४ मध्ये लाँगवुड भागातल्या प्रत्येक नव्या बाळाला ते वर्षाचे झाल्यावर एक पाउंड देण्याचे वचन दिले, आणि घरोघर जाऊन आईला अंगावर पाजणे, दूध झाकून ठेवणे, बाटली स्वच्छ करणे हे दाखवण्याची व्यवस्था तिथे उभी राहिली. १९०७ च्या कायद्याने जन्माची खबर ३६ तासांत देण्याची तरतूद नगरपालिकांना उपलब्ध झाली. १९१० पर्यंत देशाचा बालमृत्युदर १०५ च्या आसपास आला. मुलांची संख्या घटणे, दुधाचा दर्जा आणि हवामान यांचाही त्यात हात होता, आणि कोणाचा किती हे शहरागणिक बदलते. तरी आरोग्य सेविका नवव्या दिवशी बाळंतिणीच्या घरी गेली की काय फरक पडतो हे मी स्वतः पाहिले असल्याने, त्या भेटींना मी कमी लेखणार नाही.

दुसरे मृत्यू बाळंतिणींचे. ॲबर्डीनचे डॉक्टर अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच बाळंतरोगाच्या ७७ स्त्रियांचा तक्ता छापला होता. कोण केव्हा आजारी पडली, कुठे राहत होती आणि तिच्या बाळंतपणाला कोण हजर होते हे त्यात ओळीने दिले होते, आणि हा रोग सुइणी व डॉक्टरच एका घरातून दुसऱ्या घरात नेतात हे त्यावरून उघड दिसत होते. आपल्या स्वतःच्या हातून तो अनेक स्त्रियांपर्यंत पोहोचला, अशी कबुलीही त्यांनी दिली. शहराने त्यांना याबद्दल क्षमा केली नाही आणि ते नौदलाच्या नोकरीत परतले. या विषयात इतका प्रामाणिक लेख माझ्या पाहण्यात दुसरा नाही. पुढची गोष्ट अशी की १८५० च्या सुमारापासून १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये हजार बाळंतपणांमागे चार ते पाच स्त्रिया मरतच राहिल्या. गटारे झाली, पगार वाढले, खाणे सुधारले, क्षय घटला, तरी हा आकडा जागचा हलला नाही, आणि डॉक्टरकडून बाळंतपण करून घेणाऱ्या सुखवस्तू घरांतल्या स्त्रिया गरिबांपेक्षा अधिक सुरक्षित नव्हत्या. १९३५-३६ मध्ये लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक यांनी जर्मनीत निघालेले प्राँटोसिल हे सल्फा औषध बाळंतरोगाच्या रुग्णांना दिले. जिथे पूर्वी चार-पाचांतली एक दगावे, तिथे पहिल्या ३८ जणींपैकी ३ दगावल्या. जंतूच त्या काळात थोडा सौम्य झाला असावा, ही शक्यता कोलब्रुक यांनाही मान्य होती. तरीही ऐंशी वर्षे न हललेला दर त्याच सुमारास कोसळू लागला आणि १९५० पर्यंत हजारी एकच्या खाली गेला.

आता आपल्या क्षयाकडे परत येते. स्ट्रेप्टोमायसिन आले तेव्हा ब्रिटनकडे ते फार थोडे होते. सर्वांना पुरणार नाही, तर मग कोणाला द्यायचे हे चिठ्ठीने ठरवणेच न्याय्य, असे संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी मांडले. त्यांना स्वतःला तरुणपणी क्षय झाला होता. ५५ रुग्णांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात १४. हे निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. समाजात क्षय कमी होत होता हे खरेच आहे, पण ज्याला तो झाला होता त्याला चांगल्या आहाराच्या आलेखाचा काय उपयोग? समाजाला रोग कमी होणे हवे असते आणि रुग्णाला बरे होणे. या दोन गोष्टी एकाच तागडीत तोलण्यात मॅककिओन यांची मांडणी अपुरी पडते असे माझे मत आहे.

राहता राहिला लशींचा पैसा. त्यासाठी देवीचे उदाहरण बरेच जण देतात, पण तिथे लस, विलगीकरण आणि सक्ती यांचा गुंता आहे. लेस्टर शहराने तर सक्तीला विरोध करून रुग्ण शोधणे आणि वेगळे ठेवणे यांवर भर दिला होता. म्हणून मी घटसर्प पाहायला सांगेन. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये नळाचे पाणी होते, गटारे होती, पाश्चरीकृत दूध पसरत होते, शाळेत जेवण आणि तपासणी होती. त्या वर्षी तिथे घटसर्पाच्या ६१,००० हून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि ३,२८३ मृत्यू झाले, त्यांतली बहुसंख्य मुले. त्याच सुमारास मुलांना मोफत लस देण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली, बॉम्बहल्ले आणि शिधावाटप चालू असतानाच. १९५७ मध्ये रुग्ण ३८ होते आणि मृत्यू ६.